विकायचाच होता, तरी

अमेरिकेत उन्हाळ्यात गावोगावी भरणाऱ्या काउंटी फेअरच्या नियमपुस्तिका चाळल्या, तर एक नियम बहुतेक ठिकाणी भेटतो. ठरलेल्या तारखेला वजन करून कानात बिल्ला मारलेलं जनावरच रिंगणात आणता येईल, त्यानंतर ते बदलता येणार नाही. वाचताना हा नियम कोरडा आणि सरकारी वाटतो. पण जुलैतल्या एखाद्या सकाळी बारा-तेरा वर्षांची मुलगी खुराकाची बादली घेऊन गोठ्यात जाते आणि तिचा गोऱ्हा पाय ताणून आडवा झालेला दिसतो, तेव्हा या एका ओळीने तिचं वर्ष संपतं. फेअर तीन आठवड्यांवर असतो. शेजारच्याकडे तसाच दुसरा गोऱ्हा असतो, बापाच्या खिशात कदाचित पैसेही असतात. पण बिल्ला त्या मेलेल्या गोऱ्ह्याच्या कानात असतो.

हा नियम मुलांना छळण्यासाठी नाही. त्याचं मूळ मोठ्यांच्या लबाडीत आहे. १९७२ साली डेन्व्हरच्या नॅशनल वेस्टर्न स्टॉक शोमध्ये सर्वोत्तम ठरलेला काळाभोर अँगस गोऱ्हा हा प्रत्यक्षात पांढुरक्या रंगाच्या शारोले जातीचा होता. त्याला काळा कलप लावून रिंगणात उभं केलं होतं! बक्षिसाची रक्कम आणि लिलावातला भाव वाढत गेला, तशी आयत्या वेळी तयार जनावर विकत आणून मुलाच्या हाती दावं देण्याची चलाखीही वाढली. म्हणून वजन, बिल्ला, कुठे नाकाचा ठसा (माणसाच्या बोटांसारखी गुरांच्या नाकावरची नक्षीही एकमेव असते), तर कुठे डीएनएसाठी शेपटीच्या केसांचा नमुना. टेक्सासमध्ये पुढच्या हंगामात दाखवायच्या गोऱ्ह्यांची ही नोंदणी आदल्या उन्हाळ्यातच उरकतात. ज्याने वाढवलं त्यानेच दाखवावं, इतकाच यामागचा हेतू. बाजारातून आणलेलं जनावर आणि रोज पहाटे उठून वाढवलेलं जनावर एका रांगेत उभं राहू नये.

ही मुलं कोण, तर मुख्यतः दोन संघटनांची. एक फोर-एच. १९०२ साली ओहायोतल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा-अधीक्षकाने शेतकऱ्यांच्या मुलामुलींचा एक क्लब काढला, तिथून तिचा उगम सांगतात. दुसरी एफएफए, १९२८ साली कॅन्सस सिटीत स्थापन झालेली, शाळेतल्या शेतीच्या तासाला जोडलेली. तिची निळ्या कॉर्डरॉयची जाकिटं अमेरिकन गावात लांबूनही ओळखू येतात. सुरुवातीला या क्लबांमागे एक धूर्त, पण भला विचार होता. विद्यापीठाने सुचवलेलं नवं बियाणं किंवा नवी पद्धत म्हातारे शेतकरी ऐकून घेत नसत. तेव्हा मुलाला एक एकर द्या, त्याच्या मक्याचं पीक बापापेक्षा जास्त येऊ द्या, बाप आपोआप ऐकेल. १९०७ साली मिसिसिपीच्या होम्स काउंटीत मक्याचे असेच क्लब निघाले. मग डुकरांचे, वासरांचे, कोंबड्यांचे निघाले. १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने लँड-ग्रँट विद्यापीठांमार्फत चालणाऱ्या कृषी विस्ताराला केंद्राचा पैसा मिळाला आणि फोर-एच त्या यंत्रणेचा भाग झाली. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची आपली कृषी विद्यापीठं ज्या नमुन्यावर उभी राहिली, तीच ही विद्यापीठं.

म्हणजे प्रकल्प आधी आला, प्रदर्शन आणि बक्षीस नंतर. आज मात्र मुलाच्या मनात क्रम नेमका उलटा असतो, आणि त्याला दोष देता येत नाही. शरद ऋतूत अडीचशे किलोच्या आसपासचा, खच्ची केलेला गोऱ्हा विकत घ्यायचा. कधी आजोबांकडून, कधी गावच्या बँकेतून कर्ज काढून. त्याला म्होरकी घालायची, दाव्याची सवय लावायची, सुरुवातीला त्याच्यामागे फरफटत जायचं. रोज दोन वेळा खुराक मोजून द्यायचा. धुवायचं, विंचरायचं आणि ब्लोअरने वाळवायचं, कारण अंगावरचे केस फुलून उभे राहिले की गोऱ्हा भरदार दिसतो. पुढच्या उन्हाळ्यात तो सहाशे किलोंच्या घरात जातो. डुकराचा प्रकल्प लहान: वसंतात पंचवीस-तीस किलोंचं पिल्लू, साडेतीन-चार महिन्यांत सव्वाशे किलोंच्या आसपास. कोकरं आणि बोकडांचा हिशेबही काही महिन्यांचाच.

आणि मग फेअर. रिंगण, पंच, रिबन. दोन दिवसांनी लिलाव. लिलावात गावचा बँकवाला, ट्रॅक्टरचा डीलर, पेंडीचा दुकानदार बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लावतात. मांसासाठी नव्हे, मुलाच्या कॉलेजसाठी आणि थोडंसं आपल्या दुकानाच्या नावासाठी. मोठ्या प्रदर्शनात हे आकडे वेड्यासारखे वर जातात. ह्यूस्टनच्या शोमध्ये २०२२ साली सर्वोत्तम गोऱ्ह्याला १० लाख डॉलर मिळाले. पण आकडा कितीही असो, बाजारासाठी वाढवलेल्या जनावराचा शेवट बहुतेक वेळा एकच असतो. लिलावानंतर ते ट्रकमध्ये चढतं आणि कत्तलखान्यात जातं. त्या रात्री गोठ्याच्या रांगेत रिकामी म्होरकी हातात घेऊन रडणारी मुलं दिसणं ही फेअरमधली नेहमीची गोष्ट आहे.

मग प्रश्न असा: जे जनावर तीन आठवड्यांनी मरणारच होतं, ते तीन आठवडे आधी मेलं तर एवढं काय बिघडलं?

हा प्रश्न निर्दय वाटतो, पण त्या मुलांना तो खरोखर विचारला जातो, आणि विचारणारे बरेचदा शेतकरीच असतात. उत्तर आपल्याकडे शोधायचं तर जत्रेसाठी राखलेल्या बोकडाकडे पाहावं. देवाच्या नावाने वर्षभर पोसलेला बोकड जत्रेच्या आठवडाभर आधी साप चावून मेला, तर त्या घरात कुणी म्हणत नाही की कापायचाच होता. उलट घर हादरतं. जे द्यायचं होतं ते देता आलं नाही. मरण ठरलेलं होतं, पण त्याची जागा, वेळ आणि कारण हेही ठरलेलं होतं, आणि त्या ठरण्यामुळेच ते सोसण्याजोगं झालं होतं.

ई. बी. व्हाइट या अमेरिकन लेखकाने नेमकं हेच अनुभवलं आणि लिहिलं. मेन राज्यातल्या आपल्या शेतावर तो वसंतात डुकराचं पिल्लू आणी, उन्हाळाभर पोसून थंडी पडली की कापी. एका वर्षी ते डुक्कर आजारी पडलं, आणि जो माणूस त्याला मारणार होता तोच एरंडेल पाजत, पशुवैद्याला बोलवत त्याच्यासाठी रात्री जागू लागला. डुक्कर वाचलं नाही. जानेवारी १९४८च्या अटलांटिक मासिकात यावर त्याचा निबंध आला. त्याला खटकलं ते असं की वर्षानुवर्षं ठरल्याप्रमाणे पार पडणारा एक विधी मध्येच बिघडला, आणि मालकाची भूमिका अचानक शुश्रूषा करणाऱ्याची झाली. १९५२ साली त्याचं ‘शार्लट्स वेब’ आलं. त्यात डुक्कर काउंटी फेअरला जातं, विशेष बक्षीस मिळवतं आणि जगतं. समीक्षकांनी या दोन्हींचा संबंध पुष्कळ जोडला आहे. मला त्यात एवढंच महत्त्वाचं वाटतं की पन्नाशीजवळच्या, शहरात नाव कमावलेल्या लेखकाला हा घोळ निस्तरायला एक अख्खा निबंध लागला. तेरा वर्षांच्या पोराकडून आपण तो संध्याकाळच्या जेवणापर्यंत निस्तरण्याची अपेक्षा करतो.

उलट बाजूची घटनाही सांगायला हवी. २०२२ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या शास्ता काउंटीत नऊ वर्षांच्या एका मुलीला आपला बोकड लिलावानंतर द्यावासा वाटेना. आईने फेअरला पैसे भरून देऊ केले आणि बोकड दूर नेऊन ठेवला. फेअरवाले अडून बसले. शेरीफच्या माणसांनी शेकडो मैल गाडी हाकून बोकड ताब्यात घेतला आणि तो कापला गेला. प्रकरण केंद्रीय न्यायालयात गेलं, आणि २०२४ मध्ये ३ लाख डॉलर देऊन तडजोड झाली. फेअरच्या बाजूने त्या वेळी मांडलेलं म्हणणं असं होतं की मुलांना जबाबदारी शिकवायची, तर नियम पाळायलाच हवा. जबाबदारीचा असा अर्थ लावणाऱ्यांना या प्रकरणातली दुसरी बाजू, म्हणजे लळा, कधी हिशेबात धरायचीच नसते. वास्तविक सगळा कार्यक्रम उभा आहे तो लळ्यावर. लळा नसता तर कोणतं मूल थंडीत पाच वाजता उठून पाण्यावरचा बर्फ फोडेल?

आता मरणाच्या कारणांकडे येऊ. इथे थोडं थांबावं लागेल, कारण या मुलांच्या मनातला पहिला प्रश्न ‘आता शोचं काय’ हा नसतोच. ‘मी काय केलं’ हा असतो.

गुरांमधलं सगळ्यात अचानक मरण पोटफुगीचं. आपल्या गोठ्यांनाही ते नवं नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या, ओल्या चाऱ्यावर तुटून पडलेली गाय दुपारी डाव्या कुशीला फुगलेली दिसते. पहिल्या पोटात, म्हणजे रूमेनमध्ये, चारा आंबताना दर तासाला कित्येक लिटर वायू तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. लसूणघासासारखा द्विदल चारा किंवा फार बारीक दळलेलं धान्य जास्त गेलं की वायूचा सुटा फुगा न राहता त्याचा घट्ट फेस होतो. फेसाची ढेकर देता येत नाही. रूमेन फुगतं, छातीच्या पडद्यावर दाब येतो, श्वास आणि रक्ताभिसरण दोन्ही अडतात. तास-दोन तासांत खेळ संपतो. फेस फोडायला तेल पाजायचं, नळी घालायची, आणि अगदीच जीवावर आलं तर डाव्या कुशीत ट्रोकार, म्हणजे टोकदार नळी, खुपसून वायू काढायचा. हे सगळं जागेवर कुणी असलं तरच. प्रदर्शनाचा गोऱ्हा तर धान्याच्याच खुराकावर वाढवलेला असतो, आणि फुगतो नेमका मध्यरात्री.

यात एक चकवा आहे. रवंथ करणारं कोणतंही जनावर कशानेही मेलं, तरी मेल्यावर फुगतंच, कारण आंबण्याची क्रिया जनावराच्या मरणाने थांबत नाही. म्हणून सकाळी फुगलेलं कलेवर पाहून ‘पोटफुगीने गेला’ हे शेजाऱ्याचं निदान चुकीचं असू शकतं. पशुवैद्य शवविच्छेदनात अन्ननलिका उघडून पाहतात. जिवंतपणी पोट फुगून मेलेल्या जनावराच्या अन्ननलिकेचा मानेतला भाग रक्ताने लालभडक आणि छातीतला भाग फिका दिसतो. दोन्हींच्या मध्ये स्पष्ट रेघ असते. दाबामुळे छातीतलं रक्त पिळून निघाल्याची ती खूण. रेघ नसली तर कारण बहुधा दुसरं असतं. वीज पडली असेल, खिळा किंवा तार गिळली गेली असेल, न्यूमोनिया असेल. पण उन्हाळ्यात हे शोधायला वेळ फार कमी मिळतो. रूमेनची उष्णता आतून कलेवर शिजवत असते आणि काही तासांनी अवयवांवरून काही सांगता येत नाही. म्हणून जिथे पशुरोग प्रयोगशाळा जवळ आहे, तिथे अनुभवी शिक्षक मुलाच्या पाठीवरून हात फिरवायच्या आधी फोन उचलतात. हे कठोर वाटेल. मला ते सगळ्यात दयाळूपणाचं वाटतं.

कोकरं आणि बोकडांचा शत्रू वेगळा: आंत्रविषार. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू निरोगी कोकराच्या आतड्यातही थोडाफार असतोच. खुराक एकाएकी वाढवला, की न पचलेला स्टार्च पुढे लहान आतड्यात उतरतो, जिवाणूला मेजवानी मिळते आणि तो विष सोडू लागतो. अमेरिकन मेंढपाळ याला जास्त खाण्याचा रोग म्हणतात. त्याचा विखार असा की तो कळपातलं मरतुकडं कोकरू उचलत नाही. सगळ्यात खादाड, सगळ्यात वेगाने वाढणारं, पंचाच्या नजरेत भरणारं कोकरू उचलतो. संध्याकाळी ठणठणीत, सकाळी गार. वजनात दोन पाउंड कमी पडतायत म्हणून प्रेमाने दिलेली जादा ओंजळ हीच यात कारण ठरू शकते. लस आहे, आणि तीन-चार आठवड्यांनी तिची दुसरी मात्रा द्यावी लागते. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडावर धनगरवाड्यांवर टोचतात तीच लस. ती दिली असली तरी खुराक हळूहळूच वाढवावा लागतो.

खच्ची केलेल्या बोकडांत आणि मेंढ्यांत मुतखडाही खूप. लहान वयात खच्ची केलं की मूत्रनलिका अरुंदच राहते. धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. त्यातून खडे होतात, अडकतात, मूत्राशय फुटतं. मेंढीला तांबं सोसत नाही, म्हणून गुरांचा किंवा डुकरांचा खुराक मेंढीला घातला की महिनोन्‌महिने यकृतात तांबं साठतं, आणि एक दिवस प्रवासाच्या किंवा गर्दीच्या ताणाने ते एकदम रक्तात उतरतं. अशा वेळी खुराकाच्या पोत्यावरचं लेबल न वाचणं हा गुन्हा ठरतो, आणि तो बरेचदा मोठ्या माणसाने केलेला असतो.

डुकरांची गोष्ट मला सगळ्यात अस्वस्थ करते, कारण तिथे मरणाचं बीज कधीकधी प्रदर्शनातच असतं. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. उकाड्यात त्याला सावली, ओली जमीन आणि शांतता लागते. त्यात काही डुकरांत एका जनुकाचा दोष असतो. ताण आला, धावपळ झाली, उष्णता वाढली की स्नायूंतलं कॅल्शियम अनावर होतं, अंग लाकडासारखं ताठतं, ताप चढतो आणि डुक्कर मिनिटांत मरू शकतं. १९९१ साली या दोषाचं नेमकं जनुकीय स्थान सापडलं आणि रक्ताच्या तपासणीने वाहक ओळखता येऊ लागले. व्यापारी वराहपालकांनी तो दोष झपाट्याने काढून टाकला. प्रदर्शनाच्या डुकरांत मात्र तो जास्त काळ टिकला. त्याचं कारण साधं आणि लाजिरवाणं आहे. हे जनुक असलेलं डुक्कर जास्त पीळदार दिसतं, आणि पंचाला पीळदार डुक्कर आवडतं. म्हणजे ज्या गुणासाठी पंच रिबन देत होते, तोच दोष मुलाच्या जनावराला रिंगणापर्यंत पोहोचू देत नव्हता. यात बारा वर्षांच्या मुलाचा काय दोष? पण गोठ्यात कलेवरासमोर उभं राहून पाण्याची टाकी पुरेशी भरली होती का हे आठवत बसतो तो मुलगाच.

शवविच्छेदनाचा अहवाल म्हणूनच कामाचा. कधी तो मुलाला मोकळं करतो: जनुक, जिवाणू, वीज. कधी करत नाही. धान्याच्या खोलीचं दार रात्री उघडं राहिलं होतं आणि शेवटी तिथे गेलेला तोच होता, असंही निघतं. मग काय करायचं? अमेरिकन गावांत दोन उत्तरं ठरलेली आहेत. एक, ‘काही नाही, दुसरा घेऊ.’ दोन, ‘शेतीत हे चालायचंच.’ दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही चुकीच्या वेळी येतात. पहिल्यात तो विशिष्ट गोऱ्हा, ज्याला नाव होतं, जो फक्त याच्याच हाकेला वळायचा, तो पुसला जातो. दुसऱ्यात मुलाला सांगितलं जातं की रडलास तर तू शेतकरी नव्हेस. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली ज्याला समाजमान्यता नसलेलं दुःख म्हटलं, त्यात हे चपखल बसतं. कुत्रं मेलं तर शाळेतले मित्र समजून घेतात. ज्याचं बर्गर होणार होतं त्या गोऱ्ह्यासाठी रडण्याची सोय ना शहरी मित्रांत असते, ना गावच्या काकांत. दार उघडं राहिलं असेल, तर ते राहिलं होतं असंच म्हणावं. मुलाला खरी जबाबदारी द्यायची आणि चूक झाली की ती खोटी होती असं भासवायचं, हे त्याला लगेच कळतं.

जनावर जिवंत असूनही हातचं जाण्याचा एक प्रकार आहे, तो बाहेरच्यांना माहीत नसतो. फेअरच्या आठवडाभर आधी कोकरू खोकू लागतं. प्रतिजैविक दिलं तर ते बरं होईल, पण प्रत्येक औषधाला एक ठरलेली मुदत असते. शेवटच्या मात्रेनंतर तितके दिवस ते मांसासाठी विकता येत नाही. मुदत फेअरच्या पलीकडे जात असेल तर लिलाव गेला. औषध न देता ओढून नेलं तर कदाचित रिंगणात उभं राहील, कदाचित ट्रेलरमध्येच मरेल. मुलांसाठी असलेल्या प्रशिक्षणांत हा धडा मुद्दाम ठेवलेला असतो. माझ्या मते या सगळ्या उपद्व्यापातली हीच सगळ्यात खरी परीक्षा. तिच्यात पंच नसतात आणि रिबनही नसते.

काही वर्षं अशीही येतात की जनावर धडधाकट असतं आणि प्रदर्शनच भरत नाही. २०१२ साली फेअरमधल्या डुकरांकडून माणसांना फ्लूच्या एका प्रकाराची लागण झाली. १२ राज्यांत ३०९ रुग्ण सापडले, त्यांत मुलं पुष्कळ होती. त्यानंतर अनेक ठिकाणी डुकरांना फेअरमध्ये ठेवण्याचा काळ कमी करण्यात आला. २०१५ साली बर्ड फ्लूमुळे आयोवा, मिनेसोटासह अनेक राज्यांनी जिवंत कोंबड्यांची प्रदर्शनं बंद केली. मुलांनी काही ठिकाणी कोंबड्यांऐवजी भित्तिपत्रकं मांडली. मार्च २०२० मध्ये ह्यूस्टनचा शो कोविडमुळे मध्येच थांबला, आणि वर्षभर पोसलेली जनावरं रिंगण न पाहता घरी फिरली. त्या उन्हाळ्यात आयोवाची स्टेट फेअर दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच रद्द झाली. तिथल्या लोकांनी प्रेक्षकांचा मेळा बंद ठेवला, पण मुलांच्या जनावरांचं रिंगण वेगळं भरवलं. हा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांना प्रकल्प म्हणजे काय हे कळलं होतं. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकुताच्या साथीत ६० लाखांहून अधिक जनावरं मारली गेली, त्यातली कितीतरी निरोगी, केवळ शेजारच्या शेतात साथ आली म्हणून. रॉयल शो त्या वर्षी झालाच नाही.

महाराष्ट्राने हे २०२२ साली पाहिलं. ऑगस्टमध्ये जळगावकडून लम्पी त्वचारोगाच्या बातम्या आल्या आणि सप्टेंबरपर्यंत गुरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शनं सगळ्यांवर बंदी आली. पोळ्याचीही रया गेली. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेसाठी किंवा खरसुंडीच्या बाजारासाठी खिल्लार खोंड तयार करणाऱ्या घरांत पोरं काय करत होती हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आपल्याकडे मुलाच्या नावावर प्रकल्प नसतो. खोंड घराचा असतो. पण त्याच्या शिंगांना तेल लावणारा, त्याला ओढ्यावर नेणारा बहुतेक वेळा घरातला शाळकरी पोरगाच. शासनाने मेलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, ओढकाम करणाऱ्या बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत जाहीर केली. ती मिळवायला पंचनामा लागला. जनावराचा विमा असेल तर कानातला बिल्लाही लागतो. बिल्ला नाही तर दावा नाही, हे आपल्या पशुपालकाला तोंडपाठ आहे.

अमेरिकेतल्या मुलासाठी पंचनाम्याच्या जागी असते ती प्रकल्पाची नोंदवही. खरेदीची किंमत, दर आठवड्याचा खुराक, औषधं, वजन, सरासरी रोजची वाढ, आणि शेवटी विक्री. जनावर मेलं तर विक्रीच्या रकान्यात मरतुकीची नोंद होते आणि खाली तोटा निघतो. अनेक काउंट्यांत ही वही पूर्ण करून दिली की प्रकल्प पूर्ण मानतात, आणि कागदावर तरी ग्रॅहमच्या मूळ कल्पनेशी हे सुसंगत आहे. शिवाय रिंगणात दोन प्रकारच्या स्पर्धा असतात. एकीत जनावर जोखतात, दुसरीत मुलाचं कौशल्य. जनावर कसं उभं केलं, पंचाकडे लक्ष आहे का, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं येतात का. दुसरीत बऱ्याच ठिकाणी उसनं जनावर चालतं. भावाचा गोऱ्हा, मैत्रिणीचं कोकरू. तीन आठवड्यांपूर्वी आपला गोऱ्हा पुरलेली मुलगी दुसऱ्याच्या गोऱ्ह्याची म्होरकी धरून रिंगणात उतरते, तेव्हा प्रेक्षकांत ज्यांना माहीत असतं ते जरा जास्त टाळ्या वाजवतात.

मग तो बदली न करण्याचा नियम ठेवावा की नाही? ठेवावा असंच मला वाटतं. तो सैल झाला की पहिले फायदा घेणारे कोण असतील हे डेन्व्हरच्या काळ्या कलपाने सांगितलं आहे. पण या नियमाची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. पुष्कळ ठिकाणी रिंगणात आणायची त्याहून जास्त जनावरं आधी नोंदवून ठेवता येतात. ज्याच्या घरी ऐपत आहे तो दोन गोऱ्ह्यांना बिल्ला मारतो, तिसऱ्याचा विमा काढतो. एक मेला तर दुसरा आहे. ज्याने कर्ज काढून एकच घेतला, त्याच्यासाठीच तो नियम अखेरचा ठरतो. म्हणून नियम न मोडता करण्याजोगं एक काम आहे. एकच जनावर असलेल्या मुलाला वजनाच्या दिवशीच गावातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी जनावरात राखीव हक्क नोंदवू द्यावा, आणि त्या जनावराचं निम्मं पोषण त्याच्याकडून करून घ्यावं. लिलावात तर आजही जनावर विकत न घेता एखाद्या मुलाच्या प्रकल्पाला वरची रक्कम देण्याची पद्धत आहे. पेंडीचे दुकानदार आणि बँका ती दरवर्षी देतात, आणि त्यातली बरीचशी चांगल्या रिबनवाल्यांनाच जाते. ही रक्कम कुणाला द्यायची हे ठरवताना नोंदवहीतल्या मरतुकीच्या रकान्यावर कुणी नजर टाकली, तर ऑक्टोबरमध्ये त्या मुलीला पुन्हा वासरांच्या बाजारात जाता येईल.